उजव्या हाताचं बटण

परवा पूर्णेहून ताडकळसला जाताना एसटीच्या खिडकीतून भोरड्या दिसल्या. जोंधळा निसवून कणसात दाणा भरायला लागला की ही पाखरं कुठल्या तरी लांबच्या मुलखातून येतात. मैनेएवढी, अंगानं फिकट गुलाबी, डोकं आणि पंख काळे. एकटीदुकटी कधी नसतातच. शेकड्यांनी उठतात, सगळी मिळून एकदम वळतात, आणि वळली की आभाळात कुणीतरी काळं लुगडं झटकावं तसं दिसतं. बसमध्ये कुणी मान वर केली नाही. कंडक्टर दारातल्या लोकांना मागं सरका, मागं सरका म्हणून ओरडत होता. मी डोळे मिटून घेतले आणि थवा मागं पडला असेल असं वाटेपर्यंत उघडले नाहीत.

आमच्याकडं थंडी सगळ्यांच्या आवडीची. उन्हाळा माणसाला भाजून काढतो, पावसाळ्यात काळी माती पाय धरून ठेवते, त्यामुळं अंगात स्वेटर आला की लोक खुशीत येतात. शेतावर हुरड्याला बोलावतात. ऑफिसात कुणीतरी पिशवीभर बोरं आणून टेबलावर ओततं. मलाही आमंत्रणं येतात. मी ड्यूटी आहे म्हणून सांगतो. नसली तरी सांगतो. भाजलेल्या कणसांचा वास आला की त्या वासामागून मला बांधावर बसलेली एक बाई दिसते. मांडीवर दोन्ही हात ठेवलेले, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि तिला थोडा वेळ सांभाळायला दिलेत.

ती सुनंदा, माझी बायको. ताडकळसच्या शाळेत शिकवायची. मी पूर्णा जंक्शनवर तिकिटाच्या खिडकीआड बसतो. तिला जाऊन आता काही वर्षं झाली. ज्या हंगामाबद्दल लिहायला बसलोय ते खरं म्हणजे दोन हिवाळे होते, पण मधला उन्हाळा आणि पावसाळा मला धड आठवत नाही. दोन्ही हिवाळे एकमेकांना चिकटून एकच लांबलचक हिवाळा होतो, आणि त्या सगळ्या हिवाळ्यात आम्ही दोघं एकच गोष्ट ठरवत असतो. कॅमेरा घ्यायचा की नाही.

सुनंदाकडं एक छोटा, खिशात मावणारा कॅमेरा होता. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी म्हणून घेतलेला. पोरांचे फोटो काढता काढता तिला नाद लागला आणि पोरं बाजूला राहून पाखरं आली. तारेवर बसलेला नीलपंख, नांगरटीत अंडी घालून वर आपल्यावरच ओरडणारी टिटवी, कालव्याच्या कडेचे बगळे. सुट्टीच्या दिवशी ती स्कुटी काढायची आणि मी मागं बसायचो, तिची पाण्याची बाटली आणि छत्री धरून. मला पाखरांतलं काही कळत नव्हतं. तिला एखादं दिसलं की ती माझ्या गुडघ्यावर चापट मारायची, म्हणजे गप्प बसा. बोलत नसलो तरी मारायची.

भोरड्यांवर तिचा विशेष जीव होता. ताडकळसच्या अलीकडं गंगाधररावांचं रान आहे. आजूबाजूच्यांनी सोयाबीन आणि हळद धरली तरी गंगाधरराव मात्र रब्बीला जोंधळाच पेरायचे. बैलांना कडबा लागतो म्हणायचे. त्यामुळं आसपासची सगळी पाखरं त्यांच्याच रानात पडायची. ते माचव्यावर उभे राहून डबा बडवत थवा उठवायचे, आणि खाली बांधावर सुनंदा कॅमेरा लावून बसलेली.

"बाई, तुमी पाखरं बघायला येता आन् आमी हाकलायला," ते वरून म्हणायचे. "आता तुमचं काम झालं म्हंजे सांगा, मग हाकलतो."

"तुमी हाकला हो मामा. उडाल्याबिगर मला फोटो मिळत न्हाई."

पण तिला हवा तो फोटो मिळत नव्हताच. त्या छोट्या कॅमेऱ्यात थवा म्हणजे आभाळावर पडलेला काळा डाग दिसायचा. "मला डाग नको," ती म्हणायची. "थवा तर थवा, पण त्यातली एकेक भोरडी येगळी दिसली पाहिजे. हिची चोच, तिचा डोळा. माझ्या वर्गात साठ पोरं असली तरी मी काय त्यांना डाग म्हणते का?"

त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला तिला मोबाईलवर बातमी दिसली. एका मोठ्या कंपनीनं नवशिक्यांसाठी नवा डीएसएलआर जाहीर केला होता. दिवाळीपर्यंत बाजारात येणार, आजवरच्या त्यांच्या सगळ्या कॅमेऱ्यांत वजनाला हलका, सोबत लांबचं टिपणारी लेन्स. सुनंदा ते सगळं मला वाचून दाखवत होती. मी जेवत होतो. तिनं माझ्यापुढं ताट तसंच ठेवून मोबाईल धरला आणि त्यातला कॅमेरा बोटानं मोठा करून दाखवला, जशी पूर्वी लोकं स्थळाचा फोटो दाखवायची.

आमची मुलगी प्राची पुण्याला नोकरीला. तिला फोन लावला तर ती हसली. "आई, आता कोण कॅमेरा घेतं? चांगला मोबाईल घे."

"मोबाईलात माझ्या भोरड्या मुंग्यांवाणी दिसतात."

"बरं बाई, घे मग. बाबा, तिला घेऊन द्या."

घ्यायचाच होता. कारणही होतं. तिच्या जुन्या कॅमेऱ्यातले फोटो गेल्या काही दिवसांत हललेले येत होते. नीलपंखाला दोन दोन कडा, टिटवीच्या पायांच्या जागी नुसती पिवळट रेघ. "याचं आता वय झालं," ती म्हणायची. मी चष्मा पुसायच्या फडक्यानं त्याची काच पुसून दिली. बॅटरी बदलून पाहिली. एकदा तर नांदेडला जाणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर दुरुस्तीला पाठवला. दुरुस्तीवाल्यानं कॅमेरा ठीक आहे म्हणून परत दिला, तेव्हा सुनंदा त्याच्यावर चिडली. त्याला काही येत नाही म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

ते दोन आठवडे फार चांगले गेले. तेव्हा ते कळलं नव्हतं. ती भाकरी थापता थापता नव्या कॅमेऱ्याबद्दल बोलायची आणि मी मुद्दाम आडवं लावायचो. एवढा मोठा कॅमेरा गळ्यात घालून शाळेत जाशील तर पोरं घाबरतील. ती म्हणायची, घाबरू द्या, पाढे तरी पाठ करतील. भाकरीची एक कड अलीकडं जाड राहायला लागली होती. मी ती कड मोडून दुधात कुस्करून खायचो. त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. मग एक दिवस शाळेतून येताना वळणावर तिची स्कुटी पडली. लागलं नव्हतं काही. ब्रेक दाबला पण दाबला गेला नाही, एवढंच ती म्हणाली. त्याच आठवड्यात खडू हातातून सुटायला लागला. फळ्यावर तिचं अक्षर, जे बघून नव्या शिक्षिका लाजायच्या, ते उतरतं होत होत खाली यायला लागलं.

नांदेडच्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला टेबलावर तळहात पालथे ठेवायला सांगितले. त्यांच्या पेनाचं टोक उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधल्या जागेवर गेलं. तिथं खड्डा पडला होता. मांस उतरून गेलं होतं. इतकी वर्षं तो हात माझ्या ताटात वाढत होता, माझ्या कपाळावर बाम लावत होता, आणि तो खड्डा मला पेनाच्या टोकानं दाखवावा लागला. डॉक्टर शांतपणे बोलत होते. मेंदूचा निरोप स्नायूंकडं नेणाऱ्या नसा एकामागून एक मरत जातात. हात, पाय, जीभ, शेवटी श्वास. डोकं मात्र शाबूत राहतं. उपाय नाही. कुणाचं हळू जातं, कुणाचं भराभर.

सुनंदानं फक्त एक विचारलं. "डोळे?"

"डोळ्यांना बहुतेक काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं असावं की ही चांगली बातमी आहे.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. खिडकीबाहेर तुरीचं पीक पिवळं होत चाललेलं. मग पर्समधून तिनं तो छोटा कॅमेरा काढला, मांडीवर ठेवला, आणि त्याच्याकडं बघत म्हणाली, "म्हंजे कॅमेरा चांगलाच होता. माझाच हात हालायलाय."

समोरच्या बाकावरच्या माणसानं शेंगदाण्याचा पुडा पुढं केला, घ्या म्हणाला. मी घेतले. सुनंदानंही घेतले, डाव्या हातानं.

त्यानंतर आमच्या घरात आजाराविषयी बोलणं झालंच नाही. आम्ही कॅमेऱ्याविषयी बोलायचो. आता घ्यावा का, दिवाळीत घ्यावा, का थोडं थांबावं. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, काय चिकट माणसं आहेत, एक वस्तू घ्यायला एवढा विचार. घेऊ म्हटलं की त्याचा अर्थ व्हायचा, अजून पुढचे हिवाळे आहेत. नको म्हटलं की दुसरा अर्थ. त्यामुळं मी घेऊ म्हणायचो आणि ती बघू म्हणायची. कधी ती घेऊ म्हणायची, आणि मग मीच बघू म्हणायचो, कारण कपाटात पडून राहिलेला तो काळा डबा मला आत्ताच दिसायचा. तिचे हात गेल्यावर तो कुठं ठेवायचा? तिच्या डोळ्यांसमोर की डोळ्यांआड?

एकदा दुपारी मी ड्यूटीवरून लवकर आलो. स्वयंपाकघराच्या दारातून दिसलं, ती खिडकीसमोर उभी होती. दोन्ही हातांत तुरीच्या डाळीचा अर्ध्या किलोचा पुडा. तो तिनं डोळ्यांसमोर धरला होता, कोपर अंगाशी दाबून, श्वास रोखून, अगदी फोटो काढताना धरावा तसा. बातमीत वजन दिलेलं होतं, त्यावरून तिनं तो पुडा निवडला होता. खिडकीबाहेर कडुनिंबावर एक कावळा बसला होता. उजवा हात थरथरायला लागला. डाव्यानं तिनं सावरलं. पुडा हळूहळू खाली यायला लागला तरी ती डोळा तिथंच लावून होती. मी आवाज न करता मागं फिरलो, बाहेर जाऊन चपला मुद्दाम आपटल्या आणि मोठ्यानं म्हणालो, "चहा टाकतेस का?"

"टाकते," आतून आवाज आला. डबा उघडल्याचा आवाज आला, डाळ आत पडल्याचा.

दिवाळी झाली आणि परभणीच्या बाजारात तो कॅमेरा आला. सलीमभाईंचं दुकान स्टेशनपासून जवळच. मी आधी एकटाच जाऊन त्यांना सगळं सांगून आलो होतो. दुसऱ्या दिवशी सुनंदाला घेऊन गेलो तेव्हा त्यांनी काहीच माहीत नसल्यासारखं तोंड ठेवलं. खोक्यातून कॅमेरा काढला, पट्टा तिच्या गळ्यात घालायला माझ्याकडं दिला.

"भाभी, हातात घेऊन तर बघा. एकदम हलका हाय."

हलकाच होता. सुनंदानं तो उचलला, डोळ्याला लावला, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, घेतला. तिनं दुकानभर तो फिरवला. भिंतीवरचं घड्याळ, काचेतले अल्बम, मी. मग थांबली. कॅमेरा डोळ्याला तसाच लावून उभी राहिली. तिचं उजवं बोट बटणावर होतं आणि बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. बटण दबत नव्हतं.

तिनं कॅमेरा खाली घेतला. "हे बटण डावीकडं असलेला येतो का?"

"न्हाई भाभी. कोणतीबी कंपनी घ्या, बटण उजवीकडंच."

"डावखुरे लोक काय करतात मग?"

"तेबी उजव्यानंच काढतात." सलीमभाईंनी थोडा विचार केला. मग त्यांनी तिच्या हातातला कॅमेरा अलगद घेतला आणि उलटा केला. बटण आता खाली, डाव्या बाजूला आलं. "असं धरा. डाव्या अंगठ्यानं दाबा. फोटो उलटा येईल, पर घरी कॉम्प्युटरवर सरळ करता येतो. कायबी फरक न्हाई."

सुनंदानं तसा धरला. माझ्याकडं रोखला. खटकन आवाज झाला.

मागच्या पडद्यावर मी दुकानाच्या छताला उलटा लटकलो होतो, ट्यूबलाईट माझ्या पायापाशी. सलीमभाई हसले. मी हसलो. तीही हसली, अगदी पोटातून, आणि मला वाटतं तिचं तसं हसणं मी त्यानंतर ऐकलं नाही. मग तिनं फोटो मोठा केला. माझ्या भुवईचा एकेक केस दिसत होता.

"बघा," ती म्हणाली. "हललेला न्हाई."

"मग बांधून देऊ का, भाभी?"

ती अजून फोटोकडंच बघत होती. "पुसून टाका," ती म्हणाली. "तुमच्या कॅमेऱ्यात कशाला यांचं तोंड."

बाहेर आल्यावर मी तिचा हात धरून रस्ता ओलांडला. रिक्षा, फटफट्या, उसाचा रसवाला, दिवाळी संपून गेल्यावरही वाजणारे एखाददुसरे फटाके. स्टेशनच्या बाकावर बसल्यावर म्हणालो, "जमलं की तुला. सवय होईल महिनाभरात."

"आन् महिन्यानं डावा जाईल. मग काय करू? दातात धरू?"

"सुनंदा."

"मी उभी हयात पोरांना पुस्तक सरळ धरायला शिकवलं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला उलटं धरून काही करायचं न्हाई. न्हाई घ्यायचा. आता इचारू नका."

मी विचारलं नाही. गाडी आली. त्या गाडीत जागा मिळाली की नाही, आम्ही काही खाल्लं की नाही, मला काही आठवत नाही.

जोंधळा निसवला. भोरड्या आल्या. आता मी मोटारसायकल चालवायचो आणि ती मागं, माझ्या कमरेला तिनं धरलेलं असायचं आणि ती पकड दर रविवारी सैल व्हायची. जुना कॅमेराही ती घरी ठेवून यायची. गंगाधररावांनी पहिल्या दिवशी विचारलं, "मशीन कुठंय, बाई?" मी मान हलवली. ते समजले की नाही कोण जाणे, पण परत विचारलं नाही. हुरडा भाजून आणला, पळसाच्या पानावर दिला. दाणे तिच्या बोटांतून गळायचे. मी भरवायला गेलो तर तिनं तोंड फिरवलं.

लोक भेटायला यायचे आणि सगळे एकच सांगायचे. डोळे आहेत ना, मग डोळे भरून बघून घ्या. मनाचा कॅमेरा सगळ्यात मोठा. तिच्याच शाळेतल्या एक बाई असं म्हणाल्या. त्या गेल्यावर सुनंदा म्हणाली, "खोटं हाय. डोळ्यात काही ऱ्हात न्हाई. काल पाहिलेला थवा आज मला सांगा म्हणलं तर सांगता येत न्हाई. डागच ऱ्हातो." बांधावर ती बसून बघायची, थवा उठायचा, वळायचा, विरायचा, आणि दर वेळी तिच्या चेहऱ्यावर तो गेला याशिवाय काही नसायचं. बघण्यात आनंद असतो असं मी ऐकलंय. मला त्या हिवाळ्यात तिच्या चेहऱ्यावर तो दिसला नाही. हातातून काहीतरी काढून घेतल्यावर माणूस जसा त्या वस्तूकडं बघतो, तसं ती आभाळाकडं बघायची.

मग जीभ जड झाली. शाळेत तिचं बोलणं पोरांना कळेना. पोरं हसली असती तर तिनं रागावून घेतलं असतं. पोरं हसली नाहीत, सगळा वर्ग गप्प बसून तिच्या तोंडाकडं बघत राहिला. त्या दिवशी ती घरी आली आणि परत शाळेत गेली नाही. कधीतरी उन्हाळा झाला असणार, पाऊस पडला असणार. प्राची नोकरी सोडून आली. पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी आणला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्या समोर. खिडकीतून रेल्वेची क्वार्टरं आणि वरचं आभाळ दिसायचं. पुढचा जोंधळा फुलोऱ्यात आला तोवर सुनंदाच्या अंगात हलणारं असं काही उरलं नव्हतं. डोळे राहिले. डॉक्टर म्हणाले होते तसे.

प्राचीनं खूण ठरवली. हो असेल तर पापणी एकदा मिटायची. नाही असेल तर नुसतं बघत राहायचं. पाणी हवं? उशी वर करू? पंखा बंद करू? दिवसभर आम्ही असे प्रश्न विचारायचो. कधी कधी ती कितीतरी प्रश्नांना नुसतंच बघत राहायची, आणि आमचे प्रश्न संपून जायचे.

एका दुपारी एक लहानसा थवा क्वार्टरांवरून गेला. वाट चुकला असेल. सुनंदाचे डोळे त्याच्याबरोबर खिडकीच्या चौकटीपर्यंत गेले आणि तिथंच थांबले. चौकटीपलीकडं नजर नेण्याची ताकद मानेत नव्हती. मी तिच्याशेजारी बसलो होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "कॅमेरा आणू का?"

तिनं पापणी मिटली.

सलीमभाईंकडं तोच मिळाला. यापेक्षा नवा आलाय म्हणाले, मी नको म्हणालो. तो आणून तिच्या छातीशी, पांघरुणावर ठेवला. तिनं खाली नजर नेऊन तो बघितला. हात त्याच्या अगदी जवळ होते, पालथे, एकीकडं डावा, एकीकडं उजवा. मी तिची बोटं उचलून त्यावर ठेवली असती. धीर झाला नाही.

मग मी जायला लागलो. दुपारची ड्यूटी बदलून घेतली होती. गंगाधररावांच्या बांधावर, तिच्या जागी बसायचो. मला येत तर काहीच नव्हतं. थवा उठला की मी गडबडून उभा राहायचो, आधी आभाळ यायचं, मग कणसं, मग माझाच पाय. शिकलो थोडा. एकदा तर अर्धा थवा नीट मिळाला, पंख उघडलेले, काहींचं गुलाबी पोटही दिसत होतं. मोटारसायकल पळवत घरी आलो. तिच्या डोळ्यांसमोर पडदा धरला, एकेक फोटो पुढं सरकवला.

"चांगला आला का?"

ती बघत राहिली.

"हा?"

बघत राहिली.

"आई, अगं बाबांनी किती कष्टानं काढला," प्राची म्हणाली. "एकदा तरी हो म्हण ना."

सुनंदा बघत राहिली. तिला खोटं हो म्हणता आलं असतं. आयुष्यात तिनं कुणाला फुकटचा गुण दिला नव्हता.

मी जात राहिलो. चांगले फोटो यायला लागले असं मला वाटायचं. तिला वाटत नसावं. फक्त जाण्यायेण्याला एक कारण होतं आणि घरात शिरताना सांगायला एक वाक्य. गंगाधरराव माचव्यावरून विचारायचे, "बाई कशा हायेत?" मी म्हणायचो, हायेत. ते म्हणायचे, "येऊ द्या एकदा रानात." मी हो म्हणायचो. मग ते डबा बडवायचे, तिच्यासाठी, थवा उठावा म्हणून. हाकलायची गरज नसली तरी.

थंडी ओसरली. एक दिवस गेलो तर काढणी झालेली होती. धांडे उपटून, पेंढ्या बांधून, कडबा गाडीत लादून नेलेला. रानात नुसती काळी ढेकळं आणि मधेमधे पडलेली धसकटं. माचवाही उतरवलेला होता. भोरड्या गेल्या होत्या. मागच्या खेपेला होत्या आणि आता नव्हत्या. त्या कुठून येतात हे सुनंदानं मला कितीदा तरी सांगितलं होतं, आणि मी तेव्हा नीट ऐकलं नव्हतं, हे आठवून मी त्या बांधावर बसून राहिलो. गंगाधरराव बैलांना पाणी दाखवून येत होते. मला बघून थांबले.

"आता काय काढता सायेब? काही ऱ्हायलं न्हाई."

तरी मी कॅमेरा डोळ्याला लावला. रिकाम्या हातानं घरी जायची सवय राहिली नव्हती. समोर जे होतं ते काढलं. ढेकळं, धसकट, त्यावर दुपारचं पांढरं ऊन, आणि वर आभाळ, ज्यात काहीच नव्हतं, डागसुद्धा नाही.

घरी आलो. प्राची आतून पाणी घेऊन आली. सुनंदाचा श्वास त्या दिवशी मोठा मोठा चालला होता. मी तिच्यापाशी बसलो. पडदा तिच्या डोळ्यांसमोर धरला आणि नेहमीसारखं विचारलंही नाही.

तिनं फोटो बघितला. कडेपासून कडेपर्यंत, एकही कोपरा न सोडता, वह्या तपासताना बघायची तसा. मग पापणी मिटली. एकदा.